ढगातल्या जंगलात पक्ष्यांचे रंग फोटोत काळपट का येतात? मोठी लेन्स घेण्याआधीचं माझं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे, की मागच्या वेळी कोस्टा रिकातल्या मॉन्टेवेर्देला गेलात, क्वेट्झल हा हिरवा पक्षी दिसला, बराच वेळ दिसला, पण घरी येऊन बघता तर फोटोत तो काळपट हिरवा, दाणेदार आणि मऊ, आणि हमिंगबर्डचे गळे तर सरळ काळे. तुमच्याकडे क्रॉप सेन्सरची मिररलेस बॉडी आहे, १५०-६०० ची एफ ६.३ वाली झूम आहे, आता मार्चमध्ये कोस्टा रिकातलं सान हेरार्दो दे दोता आणि तिथून पुढे इक्वेडोरमध्ये मिंदो असा बेत आहे, आणि सगळे सांगतायत की ६०० एमएमची एफ ४ लेन्स घे नाहीतर फ्लॅश घे. तर दोन्हीपैकी काय घ्यावं?

या कारणासाठी तरी लेन्स घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. फ्लॅशचं उत्तर जरा लांबलचक आहे, ते पुढे देतो.

आधी नेमकी अडचण काय आहे ते नीट बघू, कारण तुम्ही म्हणताय ‘उजेड कमी पडला’ आणि ते खरंच आहे, पण काळे गळे आणि काळपट क्वेट्झल हे काही फक्त उजेड कमी पडल्यामुळे होत नाही. तिथे उजेड मुळात कमी असतोच, दाट झाडी आणि वर ढग. शिवाय तुमच्या आणि पक्ष्याच्या मध्ये जी हवा आहे तीच पांढरी आहे, ती प्रत्येक मीटरला थोडा थोडा कॉन्ट्रास्ट खाते. आणि या पक्ष्यांचे बरेचसे भडक रंग हे रंगद्रव्याचे नसतातच, ते पिसांच्या आतल्या सूक्ष्म थरांवरून प्रकाश परतताना तयार होतात, म्हणजे प्रकाश कुठून आला आणि तुम्ही कुठे उभे आहात यावर तो रंग दिसणार की नाही ते ठरतं. मोठी लेन्स यातल्या पहिल्या गोष्टीला थोडीशी मदत करते. दुसऱ्या दोन्हींना काहीच नाही, उलट लांबून काढायची सवय लागते आणि दुसरी गोष्ट आणखी बिघडते.

उजेडाचा हिशोब आधी करून टाकू कारण तो सरळ आहे. एफचा आकडा लहान म्हणजे लेन्समधून प्रकाश जास्त, एफ ६.३ वरून एफ ४ वर गेलात तर साधारण सव्वा ते दीड स्टॉप मिळतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश), म्हणजे अंदाजे अडीचपट प्रकाश. ठीक आहे, वाईट नाही. पण तुम्ही पाठवलेल्या माहितीत शटर स्पीड १/१००० सेकंद आहे आणि आयएसओ, म्हणजे कॅमेरा संकेत किती वाढवतो तो आकडा, १२८००, आणि पक्षी फांदीवर बसलेला आहे! क्वेट्झल हा ट्रोगन कुळातला पक्षी, एकदा बसला की बसला, फक्त मान वळवतो. तो झेप घेऊन रानटी अवोकाडोचं फळ तोडतो, तिकडे त्याला आग्वाकातियो म्हणतात, ते अख्खं गिळतो आणि मग बराच वेळ एका जागी बसून राहतो, शेवटी मोठी बी तोंडातून बाहेर टाकतो. या सगळ्या वेळात १/१२५ भरपूर झाला. १/१००० वरून १/१२५ म्हणजे तीन स्टॉप, आठपट प्रकाश, आयएसओ १२८०० चा थेट १६०० होतो आणि एक पैसा खर्च होत नाही. लेन्सच्या किमतीने जे मिळालं असतं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त.

आता १/१२५ ला ६०० एमएमवर हात हलतो हे मान्य, म्हणून ट्रायपॉड किंवा निदान मोनोपॉड लागतोच, स्टॅबिलायझेशन चालू, आणि एकेक फोटो न काढता आठ-दहाचा बर्स्ट घ्यायचा. पहिला फ्रेम बटण दाबल्याच्या धक्क्याने जातो, मधले दोन-तीन एकदम खणखणीत शार्प येतात, बाकीचे डिलीट. माझी पद्धत अशी की पक्षी दिसला की आधी सुरक्षित म्हणून १/५०० ला दोन-चार काढून घेतो, मग १/२५०, मग १/१२५, आणि तरीही बसून राहिला तर १/६० पर्यंत खाली येतो. म्हणजे पक्षी लगेच उडाला तरी काहीतरी हातात आहे आणि थांबला तर दर मिनिटाला फाइल सुधारतेय. नॉइजबद्दल, म्हणजे फोटोतल्या दाण्यांबद्दल, एक गैरसमज फार आहे की तो आयएसओमुळे येतो, खरं तर तो मुख्यतः सेन्सरवर प्रकाश कमी पडल्यामुळे येतो, म्हणून आयएसओ घाबरून कमी ठेवायचा आणि फोटो अंडरएक्स्पोज करून नंतर उजळवायचा हा उपाय नव्हेच. शटर हळू करा, बाकी आयएसओ जिथे जाईल तिथे जाऊ द्या.

अंतराचं मात्र नीट समजून घ्या, कारण ढगातल्या जंगलात हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे असं मला वाटतं आणि याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. समुद्रावरून आलेली दमट हवा डोंगर चढताना थंड होते आणि त्या उंचीवर ढग जंगलाच्या आतच तयार होतो, म्हणजे तुम्ही ढगाकडे बघत नसता, ढगात उभे असता. त्यातला प्रत्येक थेंब प्रकाश इकडेतिकडे पसरवतो. समजा एखाद्या सकाळी १५ मीटरला निम्मा कॉन्ट्रास्ट शिल्लक राहतोय, तर ३० मीटरला निम्म्याचा निम्मा, पाव राहणार, ४५ ला त्याच्याही निम्मा. हे असं गुणाकाराने घसरतं. त्यामुळे ३० मीटरवरून ६०० एमएमने भरलेली फ्रेम आणि १० मीटरवरून २०० एमएमने भरलेली फ्रेम, पक्षी दोन्हीत सारखाच मोठा, पण पहिल्यात तो दुधात बुडवल्यासारखा आणि दुसऱ्यात पिसाच्या कडा मोजून घ्याव्यात असा. सॉफ्टवेअरमधल्या डिहेझने कॉन्ट्रास्ट ओढून आणता येतो पण त्याबरोबर नॉइजही ओढला जातो, गेलेला तपशील परत येत नाही.

म्हणून ढग आला की मी लांबचे पक्षी सोडून देतो. कितीही दुर्मिळ असला तरी. बघतो, दुर्बिणीने मनसोक्त बघतो, फोटोचा हट्ट नाही. जे १० मीटरच्या आत येतात त्यांच्यासाठी जागा धरून बसतो. आणि ही जागा कशी शोधायची, तर फळं बघून. कोस्टा रिकात क्वेट्झलसाठी आग्वाकातियोची झाडं, टॅनेजर या छोट्या रंगीत पक्ष्यांसाठी मिकोनियाची छोटी फळं आणि सेक्रोपियाची लांब कणसं. पक्ष्याच्या मागे पळू नका, झाडाशी बसा. स्थानिक गाईडला या आठवड्यात कुठलं झाड पिकलंय ते पक्कं माहीत असतं आणि गाईडला पैसे द्यायचे ते खरं तर याच माहितीचे. त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की मला जास्त जाती नकोत, जवळून आणि नजरेच्या उंचीवर मिळेल असं झाड दाखव. हे सांगितलं नाही तर तो आपला यादी वाढवत फिरवतो, त्यात त्याची चूक नाही, बहुतेक लोकांना तेच हवं असतं.

नजरेच्या उंचीचं म्हणाल तर सान हेरार्दो दे दोताची दरी त्यासाठी फारच सोयीची आहे, साधारण २२०० मीटरवर, दोन्ही बाजूंना तीव्र उतार. झाड उतारावर असेल तर खालून वर बघत काढू नका, वळसा घालून वरच्या अंगाला जा, तिथून झाडाचा शेंडा तुमच्या डोळ्यासमोर येतो. याने दोन गोष्टी होतात. पक्ष्याच्या मागे पांढऱ्या आकाशाऐवजी समोरच्या डोंगराचा निळसर हिरवा पडदा येतो, आणि पक्ष्याच्या ज्या अंगावर वरचा उजेड पडतोय ते अंग तुम्हाला दिसतं. तुमचा काळपट क्वेट्झल इथेच झाला. तुम्ही खाली रस्त्यावर, तो वर फांदीवर, मागे पांढराफेक ढग, मग त्याची तुमच्याकडची बाजू आपोआप सावलीची, त्यात कॅमेऱ्याने पांढरं बघून एक्स्पोजर आणखी खाली आणलं. अशा वेळी जागा बदलता येत नसेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन दीड ते दोन स्टॉप प्लस करा, आकाश पूर्ण पांढरं गेलं तर जाऊ द्या, त्याच्यात तसंही काही नव्हतं. पांढऱ्यावर नुसता पक्षी आणि शेवाळलेली फांदी असा फोटोही छान दिसतो, पण मग तो ठरवून तसाच काढायचा.

उलट परिस्थितीही असते. मागे काळोखं जंगल आणि पुढे पिवळाधमक गोल्डन टॅनेजर किंवा लालभडक कॉक ऑफ द रॉक. इथे कॅमेरा काळोख बघून सगळं उजळवतो आणि पक्षी जळतो. आणि जळतो ते कळतही नाही, कारण नेहमीचा पांढरा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत किती काळं-उजळ आहे ते दाखवणारा आलेख, ठीक दिसतो पण आतला लाल चॅनेल कधीच उजव्या भिंतीला टेकलेला असतो. लाल, केशरी, पिवळ्या पक्ष्यांसाठी तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावून ठेवा आणि लाल चॅनेलला थोडी जागा राहील इतकं एक्स्पोजर खाली घ्या, बहुतेक वेळा पाऊण ते एक स्टॉप मायनस. नाहीतर छातीवर पिसांऐवजी रंगाचा सपाट डाग दिसतो.

आता काळे गळे. याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय कारण हे एकदा डोक्यात बसलं की तिथली फोटोग्राफी पार बदलून जाते. लाल-पिवळा रंग बहुतेक पक्ष्यांत खाण्यातून आलेल्या रंगद्रव्याचा असतो, तो कुठूनही बघा तसाच दिसतो. टॅनेजरचा निळा रंग पिसाच्या आतल्या स्पंजसारख्या रचनेतून येतो, पण तोही साधारण सगळीकडून सारखा. हमिंगबर्डचा गळा मात्र वेगळा. तिथल्या पिसांचे सूक्ष्म भाग सपाट असतात आणि आरशाच्या छोट्या तुकड्यासारखं वागतात, एकाच दिशेला झगमगीत रंग फेकतात आणि बाकी सगळ्या दिशांना काळे. त्याच पक्ष्याच्या पाठीवरची पिसं तितकी सपाट नसतात म्हणून पाठीचा हिरवा थोडा इकडूनही दिसतो थोडा तिकडूनही. क्वेट्झलच्या पाठीचंही तसंच, पण त्याचा हिरवा कोनानुसार सोनेरीपासून निळ्यापर्यंत सरकतो, एकाच फांदीवर त्याने अंग वळवलं तर तुमच्या दोन फोटोंत रंग वेगळा येईल आणि दोन्ही बरोबर असतील. उगाच व्हाइट बॅलन्सला दोष देऊ नका.

मग गळा पेटलेला हवा असेल तर काय करायचं? सोपं आहे, उजेड तुमच्या पाठीमागून यायला हवा आणि पक्षी तुमच्याकडे बघत हवा. जंगलाच्या आत उभे राहून मोकळ्या जागेत बसलेल्या पक्ष्याकडे बघाल तर गळा काळाच दिसणार, कारण उजेड त्याच्या मागून येतोय. जागा उलटी करा, तुम्ही मोकळ्या अंगाला, पाठीशी शक्य तितकं मोठं आकाश, आणि पक्षी झाडीच्या कडेला. ढगाळ हवेचा इथे फायदा होतो, कारण अख्खं आकाशच उजेडाचा एक प्रचंड मोठा पडदा बनतं आणि गळ्यातला तो आरसा थोडा इकडेतिकडे वळला तरी त्याच्यात आकाशाचा कुठला ना कुठला तुकडा येतोच. कडक उन्हात गळा पेटतो पण क्षणभर, आणि पेटला की जळतो. म्हणजे ज्या ढगाला तुम्ही शिव्या घालताय तोच या एका कामात तुमचा सगळ्यात चांगला सोबती आहे.

दोतावरून वर सेरो दे ला मुएर्तेच्या बाजूला ३००० मीटरच्या आसपास फायरी-थ्रोटेड हमिंगबर्ड भेटतो, त्याच्यावर हे शिकून घ्या. बाजूने बघाल तर गडद हिरवट पक्षी, खास काही नाही, लोक एक-दोन फोटो काढून पुढे जातात. थांबा. तो फांदीच्या टोकाला बसतो, मान डावीकडे, मान उजवीकडे, मध्ये एक क्षण चोच थेट तुमच्याकडे येते आणि थोडी खाली झुकते. त्या क्षणी कपाळ निळं होतं, गळ्याच्या मध्यभागी तांबूस केशरी ठिणगी उठते, तिच्या कडेने पिवळा, मग हिरवा, छातीवर निळा, आणि मान परत फिरली की सगळं विझलं. हे पुन्हा पुन्हा होतं, त्याच क्रमाने, त्यामुळे फोकस आधीच डोळ्यावर धरून ठेवा आणि मान वळायला लागली की बर्स्ट सुरू करा, पेटल्यावर बटण दाबलंत तर उशीर झालेला असतो. बसलेल्या हमिंगबर्डला १/२५० ते १/५०० पुरतो. इक्वेडोरच्या पश्चिम उतारावरचा व्हेल्व्हेट-पर्पल कोरोनेट असाच, आधी निव्वळ काळा, आणि कोन जमला की जांभळा-निळा. कोरोनेट जातीच्या हमिंगबर्डना एक सवय असते, येऊन बसल्यावर क्षणभर पंख वर उभे धरून ठेवतात आणि पंखाखालचा तांबूस रंग दिसतो. त्या एका क्षणासाठी पंख जवळजवळ स्थिर असतात, हे माहीत असलं की उगाच १/३२०० च्या मागे लागावं लागत नाही.

आता फ्लॅश. हे तुम्हाला कसा फोटो आवडतो त्यावर अवलंबून आहे, म्हणून माझं मत तुमच्यावर लादत नाही, पण कारणं सांगतो. कॅमेऱ्यावर लावलेला एकच फ्लॅश गळा नक्की पेटवतो कारण उजेड लेन्सच्याच दिशेने जातो, पण डोळ्यात टोचणारा पांढरा ठिपका येतो, ओल्या पानांवर चकाकी येते आणि हवेत ढग असेल तर प्रत्येक थेंब उजळून पक्ष्यापुढे पडदा तयार होतो. अगदी वापरायचाच असेल तर दोन स्टॉप मायनस करून, निव्वळ सावली हलकी करण्यापुरता, आणि हवा स्वच्छ असताना.

मल्टी-फ्लॅश ही पूर्ण वेगळी गोष्ट. फीडरपाशी, म्हणजे पक्ष्यांसाठी खाद्य ठेवलेल्या भांड्यापाशी, चार-पाच फ्लॅश लावतात, प्रत्येक १/१६ किंवा १/३२ पॉवरवर, कारण कमी पॉवरला फ्लॅशची चमक इतकी छोटी असते की सेकंदाच्या दहा-वीस हजाराव्या भागात संपते आणि पंख गोठवायचं काम तीच करते, शटर नाही. शटर १/२०० च्या आसपास, फ्लॅशशी जुळणाऱ्या सिंक वेगावर, एफ ११ ते १६, आयएसओ २०० ते ४००, म्हणजे नैसर्गिक उजेड फोटोत जवळपास येतच नाही. मागे छापलेला किंवा रंगवलेला पडदा. यातून पंखाचं एकेक पीस दिसतं हे खरं, आणि रॅकेट-टेल या हमिंगबर्डच्या शेपटीच्या टोकाचे ते दोन गोल असे दुसऱ्या कुठल्या पद्धतीने क्वचितच मिळतात. पण ढगातलं जंगल त्या फोटोत कुठेच नसतं. मी म्हणेन एक दुपार करून बघा, अशी सोय असलेल्या लॉजवर त्यांच्याच सामानाने करा, स्वतः पाच फ्लॅश वाहून नेऊ नका. आणि घरट्यावर, किंवा अंधारात बसलेल्या पक्ष्यावर फ्लॅश नको, याला माझ्याकडे अपवाद नाही. मार्चमध्ये दोताला क्वेट्झलचा विणीचा काळ असतो, कुजक्या खोडाच्या ढोलीत घरटं, नर-मादी आळीपाळीने अंडी उबवतात. गाईड म्हणाला की इथून पुढे नको तर नकोच, समोरचा दुसरा फोटोग्राफर पुढे गेला असला तरी. आवाज वाजवून पक्षी बोलवायचंही या काळात टाळा.

मॉन्टेवेर्दे तुम्ही बघितलंय म्हणून एक सांगतो, तिथे कील-बिल्ड टूकन हा मोठ्या चोचीचा, खालच्या उंचीचा पक्षी वर सरकत क्वेट्झलच्या पट्ट्यात येऊन वीण करू लागला, याची नोंद १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात आहे आणि त्याच्या तीन लेखकांपैकी एक, मायकेल फॉग्डेन, हा स्वतः नावाजलेला वन्यजीव फोटोग्राफर. टूकन इतर पक्ष्यांची अंडी-पिल्लं खातो. म्हणजे तिथल्या क्वेट्झलच्या घरट्यावर आपल्याशिवाय आणखीही ताण आहेत, हे लक्षात ठेवून वागलं तर बरं.

थोडक्यात आत्तापर्यंतचं: बसलेल्या पक्ष्याला शटर हळू, अंतर कमी, उजेड पाठीशी, आणि एक्स्पोजर मागच्या पार्श्वभूमीवरून स्वतः ठरवायचं. आता थोडं इक्वेडोरचं वेगळं सांगतो.

मिंदो साधारण १२५० मीटरवर, तिथून तांदायापाच्या दरीत वर चढलात की ढगाचा खरा पट्टा लागतो. विषुववृत्त जवळच, त्यामुळे वर्षभर सकाळी सहाच्या आसपास उजाडतं आणि उजाडणं झटकन होतं. पश्चिम उतारावर सकाळ त्यातल्या त्यात मोकळी, दुपारी ढग भरून येतो. मार्च तिकडे पावसाचा, कोरडे महिने जून ते सप्टेंबर, तर रोज दुपारी पाऊस धरूनच चाला. त्यात वाईट वाटून घेऊ नका, पाऊस थांबल्यानंतरचा तास मला तरी दिवसातला सगळ्यात चांगला वाटतो, भिजलेले टॅनेजर उघड्या फांद्यांवर येऊन पंख झटकत, पिसं साफ करत बसतात, भुकेलेले असतात, फळांवर तुटून पडतात, आणि हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते. लोक मात्र तेव्हा खोलीत कॉफी पीत असतात.

रेफुहियो पाझ दे लास आवेस या ठिकाणी एक सकाळ ठेवाच. आंखेल पाझ या शेतकऱ्याने आपल्या जमिनीवरचं जंगल राखलं आणि जायंट अँटपिटा या अत्यंत लाजाळू, जमिनीवर वावरणाऱ्या पक्ष्याला गांडुळं देऊन हाकेला येण्याची सवय लावली, आता जगभरातून लोक ते बघायला येतात. तिथेच कॉक ऑफ द रॉकचा लेकही आहे, म्हणजे नर जमून नाचतात-ओरडतात ती जागा, आणि ते अंधार असतानाच सुरू होतं. तिथे सुरुवातीला फोटो मिळतच नाही, आयएसओ १२८०० ला सुद्धा १/१५ वगैरे दिसतं. नुसतं ऐका. मग थोडं फटफटलं की नर वाकून ओरडतो आणि दोन वाकण्यांच्या मध्ये क्षणभर थिजल्यासारखा थांबतो, तो थांबण्याचा क्षण पकडा, १/३० ते १/६०, ट्रायपॉडवर. या उतारावरचे नर गडद रक्तासारखे लाल असतात, अँडीजच्या पूर्वेकडचे केशरीकडे झुकतात, त्यामुळे लाल चॅनेलचं वर सांगितलंय ते इथे दुप्पट लागू. अँटपिटासाठी तुमची झूम मागे आणावी लागेल, ३००-४०० एमएमला बऱ्याचदा काम होतं.

फोकसबद्दल थोडंसंच. ढगात ऑटोफोकस चाचपडतो कारण त्यालाही कॉन्ट्रास्टच हवा असतो. लेन्सवर फोकस लिमिटर, म्हणजे फोकस किती अंतरात शोधायचा ते ठरवणारं बटण, असेल तर तो जवळ-लांब बघून लावा, आणि पक्ष्याच्या डोळ्याची ओळख चुकतेय असं वाटलं की सरळ छोट्या एकाच पॉइंटवर या. इलेक्ट्रॉनिक शटर उडत्या हमिंगबर्डला नको, सेन्सर हळू वाचला जात असेल तर पंख वाकडे येतात, बसलेल्याला मात्र जरूर वापरा, आवाज नाही आणि धक्काही नाही.

ओलाव्याचं म्हणाल तर पावसापेक्षा मला भीती असते ती लेन्सच्या पुढच्या काचेवर बसणाऱ्या बारीक दवाची. व्ह्यूफाइंडरमध्ये ते दिसत नाही, फोटो फक्त थोडे फिके येतात आणि माणूस ढगाला दोष देत बसतो. हूड कायम लावलेला ठेवा, दर थोड्या वेळाने काच तिरकी धरून बघा, दोन-तीन कोरडी कापडं वेगवेगळ्या खिशात ठेवा. दोताहून तुम्ही खाली उष्ण पट्ट्यात उतरणार असाल तर कॅमेरा बॅगेतच बंद राहू द्या, पोचल्यावर निदान अर्धा तास उघडू नका, थंड काचेवर गरम दमट हवा लागली की आतपर्यंत वाफ धरते. रात्री सिलिका जेलच्या पाकिटांसकट हवाबंद पिशवीत.

घरी आल्यावर रॉ फाइलवर आधी डीनॉइज, मग बाकीचं. हिरव्या पानांतून गाळून आलेल्या उजेडाने पांढऱ्या-राखाडी पिसांवर हिरवट झाक येते, टिंट थोडा मजेंटाकडे न्या. डिहेझ फक्त पक्ष्यावर मास्क करून, आणि तेही हलकं, मागचा ढग आहे तसा राहू द्या, तोच तर फोटो तिथला आहे हे सांगतो. सॅच्युरेशन वाढवू नका, या पक्ष्यांना त्याची गरज नसते, रंग फिका वाटला तर बहुधा कॉन्ट्रास्ट किंवा उजळपणा कमी आहे. डीनॉइजची सॉफ्टवेअर फार ओढली की नसलेली पिसं तयार करतात, गळ्याजवळ शंभर टक्के झूम करून तपासा.

तर लेन्सचे पैसे राखून ठेवा. त्यातून चांगला हलका ट्रायपॉड घ्या, आणि प्रवासाचे दिवस वाढवा. जागा वाढवू नका, आहेत त्याच जागी जास्त दिवस राहा, दोताला निदान तीन सकाळी, तांदायापा-मिंदोला चार, कारण एखादी सकाळ ढगात पूर्ण जाणार हे गृहीत धरायला हवं. सकाळी सहा ते दहा फळझाडापाशी, दुपारी ढग उतरला की फीडरच्या अंगणात जवळचे पक्षी, पाऊस थांबला की पुन्हा झाडापाशी. जमल्यास निघण्याआधी घराजवळ कुठलाही बसलेला पक्षी घेऊन १/६० आणि १/३० ला बर्स्टचा सराव करून ठेवा, तुमच्या लेन्सवर नक्की कुठल्या शटरपर्यंत दहातले तीन शार्प येतात तो आकडा शोधा आणि तिकडे त्याच्यावरच विसंबा.